ढवळ्या, पवळ्या आणि खंडेनवमी

कुठला लॅपटॉप घ्यावा, हा प्रश्न मला लोक लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. माझ्या हातात जिलबी असते, समोरचा वाढपी मठ्ठा घेऊन ताटकळलेला असतो, आणि शेजारचा कुणीतरी पाहुणा खुर्ची सरकवून म्हणतो, ताई, ही नवी कंपनी दुप्पट वेगाचं सांगते, खरं का? मी त्याला तीन प्रश्न उलटे घालते. कुणाच्या दुप्पट? कुठल्या कामात? आणि कुणाच्या हातात? तिन्ही उत्तरं घेऊन या म्हणते, मग जिलबी खाली ठेवून सांगते. सहसा परत कुणी येत नाही.

मी वैजयंती फरांदे. सातारच्या एमआयडीसीत माझी चाचणीखोली आहे. महागातले महाग लॅपटॉप आमच्याकडे येतात आणि आम्ही ते एकमेकांशी झुंजवून कोण किती पाण्यात आहे ते सांगतो. कंपनी जाहिरातीत काय म्हणते ते सगळ्यांना दिसतं. खरं काय ते मी लिहिते. तोंडाची फटकळ आहे मी. नाकारत नाही. त्या फटकळपणावरच माझं नाव झालंय.

२०३७ साली लॅपटॉपला एवढं महत्त्व परत कसं आलं, असं तुम्ही विचाराल. मधली काही वर्षं सगळं काम दूरच्या मोठ्या यंत्रांवर चालायचं आणि लॅपटॉप म्हणजे नुसती खिडकी झाली होती. मग कायदा आला, की रुग्णाचा फोटो, पोराचा आवाज, घरचा हिशेब, असलं काही माणसाच्या परवानगीशिवाय दूर पाठवायचं नाही. आणि तसंही, कोयनेच्या खोऱ्यात रेंज तेव्हाही नव्हती, आजही नाही. मग ती मोठी बुद्धी मांडीवरच्या यंत्रातच बसवावी लागली. असे लॅपटॉप आले आणि त्यांच्या किमती मोटारसायकलीच्या वर गेल्या. एवढं महागाचं यंत्र कुणी न तपासता घेत नाही, म्हणून आमची चूल पेटते.

आमची पद्धत सरळ आहे. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्नपत्रिका. लग्नाचा एक लांबलचक व्हिडिओ कापून, रंगवून तयार करायचा. पुलाच्या एका आराखड्यावर वाऱ्याचा जोर मोजायचा. देवनागरीत सांगितलेलं भाषण उतरवून घ्यायचं. डोळ्याचे, छातीचे फोटो वाचायचे. शिवाय गच्चीवर नेऊन भर उन्हात पडदा दिसतो का ते बघायचं, आणि मांडीवर ठेवून मांडी भाजते का तेही. ही प्रश्नपत्रिका गेली अकरा वर्षं मी बदललेली नव्हती, कारण ती बदलली तर मागच्या वर्षीच्या यंत्राशी यंदाच्याची तुलना करणार कशी? त्या न बदलण्याचा मला अभिमान होता. मेला तोच नडला.

दुसरा नियम असा, की यंत्र आलं की शब्बीर मुल्ला त्याच्या नावावर काळी पट्टी चिकटवतो. शब्बीर माझा जुना सहकारी, चाळिशीचा, कमी बोलणारा, हाताचा हलका. कुठलं यंत्र कुणाचं हे फक्त त्याला माहीत असतं. मी निकालावर सही करेपर्यंत पट्टी निघत नाही. पट्टी लागली की तो यंत्रांना बैलांची नावं देतो. दोनच असली तर ढवळ्या आणि पवळ्या.

त्या वर्षी भाद्रपदात डॉक्टर अरुंधती घोरपडे माझ्याकडे आल्या. एका नेत्रसेवा ट्रस्टच्या त्या प्रमुख. मधुमेहाच्या माणसाचा डोळा आतून हळूहळू बिघडत जातो आणि त्याला पत्ता लागेपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्यांचं रोजचं दुःख. त्यांनी गाड्या काढायच्या ठरवल्या होत्या. गाडी पाटण, जावळीच्या वाड्यावस्त्यांवर जाणार, सिस्टर डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणार, लॅपटॉप तो तिथल्या तिथे वाचणार आणि सांगणार: ठीक आहे, पुढच्या वर्षी या, किंवा, आजच साताऱ्याला चला. सगळ्या गाड्यांना एकच यंत्र घ्यायचं होतं आणि शेवटी दोन यंत्रं उरली होती. एक परदेशी कंपनीचं. दुसरं तळेगावच्या कवडसा नावाच्या आपल्याच कंपनीचं.

मी डॉक्टरांना तिथल्या तिथे नाही म्हणाले. कवडसामध्ये माझी पोरगी ऋजुता नोकरीला होती, आणि तीही साधीसुधी नव्हे, त्यांच्या चिप बनवणाऱ्या गटात. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या की तुमचं नाव कवडसानेच सुचवलंय, आणि दुसऱ्या कंपनीला पट्टीची पद्धत माहीत असल्यामुळे त्यांची हरकत नाही. कवडसानेच सुचवलं हे ऐकून माझं डोकं सणकलं. आई आहे म्हणजे माप झुकतं घालेल, असा यांचा हिशेब! बघा म्हटलं आता, आणि काम घेतलं.

ऋजू आठवड्यातले पाच दिवस तळेगावला असायची आणि शुक्रवारी रात्री घरी यायची. तिच्या कंपनीचं सगळं या कामावर उभं होतं. ही ऑर्डर मिळाली तर कवडसा तरणार, गेली तर चिपचा गट बहुतेक बंद होणार, हे मला ती न बोलताही कळत होतं. म्हणून मी पहिल्याच शुक्रवारी घरात फर्मान काढलं. दसऱ्याला निकाल लागेपर्यंत या विषयावर एक शब्द नाही. आमचे सुभेदार, म्हणजे माझे यजमान, फौजेतून आले तरी त्यांना घरात शिस्त कधी लावता आली नाही. ते पानावर बसून दोघींकडे आळीपाळीने बघायचे आणि म्हणायचे, घरात कर्फ्यू लागलाय, भाकरी वाढायला तरी परवानगी आहे ना?

एकदा ऋजूने तो कर्फ्यू मोडायचा प्रयत्न केला. मी ओट्याशी होते. ती मागे येऊन उभी राहिली आणि विचारलं, यंदाही खंडेनवमीला तू सगळं बंद ठेवणार का? मला पुढचं सगळं दिसलं. दुसऱ्या दिवशी निकाल आहे, एक दिवस वाया कशाला घालवतेस, चालू यंत्रालाच हळदकुंकू वाहा, असं ही म्हणणार. तिने पुढचा शब्द काढायच्या आत मी सुनावलं, की माझ्या खोलीत नवमीला हत्यार ठेवलेलंच असतं, तुझ्या कंपनीसाठी मी शास्त्र बदलणार नाही. ती म्हणाली, अगं पण आई, मी... तिला तोडत मी म्हटलं, कळलं मला तू काय म्हणणारेस ते. ती पाण्याची बाटली भरून निघून गेली.

तिकडे खोलीत ढवळ्याने धमाल उडवून दिली होती.

पहिल्या दिवशी दोन्ही यंत्रं बेतास बात होती. पहिल्या दिवसाचे आकडे आम्ही टाकूनच देतो. नवं यंत्र आलं की आतल्या आत मांडामांड करत असतं, थोडं अडखळतं. भज्यांचा पहिला घाणा जसा धड होत नाही तसं. पहिला घाणा बाजूला काढायचा ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. दुसऱ्या दिवसापासून पवळ्या एका चालीने चालू लागला, चांगला, दमदार. ढवळ्या मात्र दिवसेंदिवस वेगाने जायला लागला. आठवड्याभरात तो लग्नाचा व्हिडिओ असा तयार करायचा की शब्बीरचा चहा गार व्हायला सवड मिळेना. पंखा फिरत नाही, आवाज नाही, बूड गार. डोळ्याचे फोटो तर तो पडद्यावर येतायेताच वाचून मोकळा. एकदा शब्बीरचं बोट बटणाच्या वरच होतं, टेकलंही नव्हतं, आणि उत्तर आलं. शब्बीर बोट तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला. मीही खुळ्यासारखी हसले.

ते कसं होतं, हे तेव्हा आम्हाला माहीत आहे असं वाटायचं. 'अगोदर-गणन' तेव्हा सगळ्यांच्याच माहितीपत्रकात होतं, त्यामुळे त्यावरून कुठलं यंत्र कुणाचं हेही ओळखता येत नव्हतं. कल्पना साधी आहे. चहाच्या टपरीवर रोजचं गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं की टपरीवाला विचारत बसत नाही, कमी साखरेचा कप भरायला घेतो. गिऱ्हाईक पोचेपर्यंत चहा तयार. कधी चुकलं तर तो कप दुसऱ्याला जातो किंवा ओतून देतात. संगणक हे पूर्वीपासून करत आलेत, पण अगदी लहान पावलांपुरतं, पुढची एखादी आज्ञा काय असेल एवढंच. नव्या चिपा अख्ख्या माणसाचा अंदाज बांधू लागल्या होत्या. हा आता कुठली फाइल उघडणार, मग काय करणार, मग काय विचारणार. त्याने विचारण्याआधीच काम अर्धं उरकलेलं. चांगल्या लॅपटॉपची तुलना म्हणजे आता कुणाचा अंदाज किती पक्का, याचीच तुलना झाली होती.

अष्टमीच्या संध्याकाळी माझा अहवाल जवळजवळ लिहून झाला. ढवळ्या वेगात सरस, बॅटरीत सरस, शांततेत सरस. पवळ्या मजबूत, पडदा उन्हात जास्त चांगला, बाकी मागे. गाड्यांना ढवळ्या घ्यावा. सही तेवढी बाकी होती. ती दसऱ्याच्या मुहूर्तावर करायची म्हणून ठेवली. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मी तर अख्खं पातेलं ढवळलं होतं.

खंडेनवमी आमच्याकडे थट्टेची गोष्ट नाही. माझे वडील लोहार. त्या दिवशी भाता, ऐरण, घण सगळं धुऊन पुसून, झेंडू वाहून ठेवलेलं असायचं, आणि कुणी खिळा ठोकायलाही मागितला तरी मिळायचा नाही. वर्षभर जे हत्यार आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस खरीखुरी विश्रांती. माझ्या खोलीतही तेच. शब्बीर यंत्रं नुसती बंद करत नाही, मागचं झाकण काढून बॅटरीही बाहेर काढतो. नव्या कायद्याने बॅटऱ्या पुन्हा काढता येऊ लागल्या, हे बरंच झालं. मी त्याला एकदा विचारलं होतं, तुला हे सगळं चालतं ना? त्याने सांगितलं, अब्बांच्या गॅरेजातही पाने-हातोड्या त्या दिवशी फडक्यात गुंडाळलेल्या असायच्या, तुम्हीच एकट्या लोहार नाही. त्या दिवशीही त्याने ढवळ्या-पवळ्याच्या बॅटऱ्या काढून पाटावर ठेवल्या, मी हळदकुंकू वाहिलं, फुलं ठेवली, आणि दार ओढून घेतलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही यंत्रं पुन्हा जोडली. सहीच्या आधी एकदा पूर्ण प्रश्नपत्रिका चालवायची, हा शुभ म्हणून पाळलेला प्रकार. त्यात कधी काही निघालेलं नव्हतं. पवळ्याने आपलं काम आपल्या चालीने केलं. ढवळ्या मात्र लग्नाच्या व्हिडिओवरच अडला. पंखा घोंघावायला लागला. पडद्यावरची कामाची पट्टी पुढे सरकता सरकेना. शब्बीरने चहा घेतला, संपवला, कपही धुऊन आणला. त्याने यंत्राच्या पाठीला हात लावला आणि तो म्हणाला, "ताई, ताप आलाय याला."

मला वाटलं बॅटरी नीट बसली नाही. पुन्हा बसवली. तेच. मग वाटलं काहीतरी बिघडलं. पण मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं. हे असं अडखळणं मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. कुठे, ते मग आठवलं. पहिल्या दिवशी. जे आकडे आम्ही पहिला घाणा म्हणून बाजूला काढले होते, ते शब्बीरने शोधून समोर ठेवले, आणि आजचे त्यांच्याशी जुळत होते. ढवळ्या बिघडला नव्हता. ढवळ्या खरा एवढाच होता.

मी खुर्चीत बसले. माझा पेपर फुटला होता, आणि फोडला होता मीच. रोज तोच व्हिडिओ, तोच पूल, तेच डोळे, त्याच क्रमाने. ढवळ्या काम करतच नव्हता. तो पाठ केलेली उत्तरं म्हणत होता. आणि ते पाठांतर जिथे ठेवलेलं होतं ती जागा एक रात्र वीज तुटल्याबरोबर कोरी झाली होती.

तरी नुसत्या संशयावर मी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. ढवळ्याला मी जुनी प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा चालवायला लावली. दुपारपर्यंत त्याच्या कानात पुन्हा वारं शिरलं. मग डॉक्टरांनी दिलेला डोळ्यांच्या फोटोंचा वेगळा गठ्ठा काढला, जो राखीव म्हणून आम्ही कधी उघडलाच नव्हता, आणि त्यातला एक फोटो जुन्या क्रमाच्या मधोमध घातला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. फोटो आला, आणि त्याच क्षणी हिरव्या अक्षरात उत्तर आलं: ठीक आहे. मग डोळ्याची पापणी दोनदा लवेल एवढा वेळ गेला, आणि ते उत्तर पुसलं जाऊन लाल अक्षरं आली: तातडीने पाठवा.

पहिलं उत्तर त्या जागेवरच्या जुन्या डोळ्याचं होतं. यंत्राने आधी अंदाज सांगितला आणि मग तपासून दुरुस्त केला. यंत्राच्या दृष्टीने चूक झालीच नाही. पण गाडीत सिस्टरच्या समोर वीस बायका रांगेत असतात. हिरवं दिसलं की ती मान वर करून म्हणणार, झालं मावशी, पुढच्या वर्षी या. लाल अक्षरं आली तेव्हा मावशी पदर सावरून गाडीतून उतरलेली असणार. पवळ्याला तोच फोटो घातला. त्याने थोडा वेळ घेतला आणि एकदाच, सरळ, लाल उत्तर दिलं.

मी अष्टमीला लिहिलेला अहवाल फाडला आणि नवा लिहायला बसले. गाड्यांना पवळ्या घ्यावा, असं स्वच्छ लिहिलं आणि का तेही लिहिलं. खाली आमच्या खोलीची चूकही लिहिली, की अकरा वर्षं एकच प्रश्नपत्रिका काढणाऱ्या मास्तरणीला हुशार पोर आणि घोकणारं पोर यांतला फरक कळला नाही. सही केली. मग शब्बीरला म्हटलं, काढ पट्ट्या.

त्याने मान खाली घातली तेव्हाच मला कळलं. तरी पट्टी निघेपर्यंत मी बघत राहिले. ढवळ्याच्या पाठीवर कवडसाची खूण होती.

म्हणजे आतली चिप ऋजूची. तीन वर्षं ती पोरगी त्या चिपपायी जागली होती. मी ज्याला घोक्या म्हटलं ते तिचं लेकरू होतं. ती चिडेल, रडेल, घर सोडून जाईल, बंगलोरहून तिला आलेल्या नोकरीला हो म्हणेल, मग दिवाळीला येणार नाही, सुभेदार तोंडाने काही बोलणार नाहीत पण जेवणार नाहीत. एवढं सगळं मी खुर्चीत बसल्या बसल्या जगून घेतलं.

आणि तेवढ्यात तीच दारात उभी राहिली. घरून सोनं द्यायला आली होती, हातात आपट्याची पानं होती. तिने शब्बीरला पान दिलं, त्याने तिला दिलं, मग माझ्या हातात पान ठेवून ती पाया पडायला वाकली. मला राहवलं नाही. ती पुरती उभी राहायच्या आत मी बोलून टाकलं.

"ऋजू, पवळ्या पहिला आलाय. सही झालीय. आता बदलणार नाही."

ती म्हणाली, "आई, मी..."

मी तिला थांबवलं. म्हटलं, तुला वाटेल मी मुद्दाम कडक झाले, तसं नाही. तिने पुन्हा तोंड उघडलं. मी म्हटलं, मला माहितेय वीज तुटणं तुमच्या यादीत नव्हतं, पण असायला हवं होतं. ती म्हणाली, अगं, ऐक तर. मी म्हटलं, बंगलोरला जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही, फक्त बाबांना तू स्वतः सांग. शब्बीरला एकाएकी कोपऱ्यात वायर गुंडाळण्याचं फार निकडीचं काम सापडलं.

ऋजूने हातातली उरलेली पानं टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. ती चिडली की आवाज चढवत नाही, हे तिने बापाकडून घेतलंय.

"आई, तूही ढवळ्याच आहेस. मी तोंड उघडायच्या आत तुझं उत्तर तयार. आणि ते बहुतेक मागच्या वर्षीच्या ऋजूचं असतं."

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणतात. इथे त्या यंत्राला माझा गुण लागला होता की मला त्याचा, देव जाणे.

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि मी पहिल्यांदा मधे बोलले नाही. त्यांच्या चिपमधल्या आठवणीच्या पेशी म्हणजे ओल्या मातीतलं चाकोरीचं वळण. गाडी त्याच वाटेने जात राहिली की चाकोरी खोल होते आणि पुढची गाडी आपोआप तिकडे वळते. पण ती ओल टिकवायला बारीकसा प्रवाह सतत लागतो. प्रवाह पुरता तुटला की काही तासांत माती सपाट. वर्षभरापूर्वी दुरुस्तीहून आलेलं एक यंत्र फार मंद चाललेलं ऋजूने पाहिलं होतं. त्या सपाट मातीवर तिने कोरे प्रश्न घालून पाहिले आणि तिच्या लक्षात आलं की सगळे गोड आकडे चाकोरीचे आहेत, गाडीचे नाहीत. तिने बैठकीत सांगितलं. कुणी ऐकून घेतलं नाही. आजकाल लॅपटॉप पुरता बंद करतंच कोण, असं साहेब म्हणाले. आणि खरंच, त्यांच्या ऑफिसात खंडेनवमीलाही यंत्रं चालूच असतात. चालू यंत्राच्या झाकणावर कुंकू लावतात आणि पेढा खाऊन पुन्हा कामाला लागतात. तिथे ही गोष्ट शंभर वर्षांत उघडी पडली नसती.

"मग मी त्यांना म्हटलं, माझ्या आईकडे पाठवा," ऋजू म्हणाली. "त्यांना वाटलं आई आहे, सांभाळून घेईल. मला माहीत होतं तुझ्या खोलीत वर्षातून एक दिवस यंत्र खरोखर बंद होतं."

मी विचारलं, मला सरळ सांगितलं का नाहीस? विचारल्यावर माझं मलाच कळलं. सांगितलं असतं तर ती परीक्षा राहिली नसती. लेकीने आईला पेपर फोडला असं झालं असतं. ऋजूलाही तेच म्हणायचं होतं, पण ते तिने म्हणेपर्यंत मी थांबले. ओट्याशी त्या दिवशी तिला फक्त एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं, की यंदाही सगळं बंद राहणार ना. आणि मी शास्त्रावर भाषण ठोकलं होतं.

शब्बीर कोपऱ्यातून हळूच म्हणाला, चहा ठेवतो. त्याने ठेवला. ऋजूने माझा अहवाल उचलून वाचायला घेतला. मास्तरणीच्या ओळीवर ती हसली. मग जिथे मी लिहिलं होतं की हिरवं उत्तर खोटं आणि लाल उत्तर खरं, तिथे ती बराच वेळ थांबली. डोळे भरलेले दिसले. कितीही झालं तरी तिचंच लेकरू होतं ते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलंही, खुर्चीतून न उठता, कमरेला हात घालून, ती लहान असताना मी घ्यायचे तसं.

मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, हा कागद मी सोमवारी बैठकीत वाचणार आहे. अंदाज आणि खात्री वेगळ्या रंगात दाखवायला हवेत, खात्री होईपर्यंत हिरवं उमटताच कामा नये, आणि हे चिपमध्येच करता येतं, तिच्याकडे त्याचा आराखडाही आहे. ती बोलत होती तसतसा तिचा हात टेबलावर रेघा ओढत होता, आणि त्या रेघा मला समजत नव्हत्या.

"आई," ती म्हणाली, "सोमवारनंतर मी..."

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. ते काढून टाकतील तुला, म्हणून आधीच बंगलोरला फोन कर. किंवा, काढलं तर इथे ये, माझ्या खोलीत खुर्ची आहे. दोन्ही उत्तरं तयार होती, छान भाजलेली, आणि दोन्ही मागच्या वर्षीची. खंडेनवमी काल होऊन गेली होती. माझं सगळ्यात धारदार हत्यार मात्र काल पाटावर ठेवायचं राहून गेलं होतं. ते मी आज ठेवलं.

शब्बीरने चहा आणून समोर ठेवला. ऋजू माझ्याकडे बघत थांबली होती, मी मधे पडेन म्हणून. मी पडले नाही.

"सोमवारनंतर तू काय?" मी विचारलं. आणि उत्तर मला खरंच माहीत नव्हतं.